नायकसाहेबांची तहान

एकदा एक देश स्वतंत्र झाला. एवढं वाक्य लिहिलं की काही वाचक लगेच सावरून बसतात आणि म्हणतात, "कळलं हो, कळलं, कुठला ते!" म्हणून आधीच हात जोडून सांगतो, हा देश नकाशात शोधू नका. तो फार लहान होता. एक टेकडी होती, टेकडीवर तलाव होता, तलावाच्या काठी एक बंगला होता. टेकडीच्या पायथ्याशी गाव, आणि गावाच्या अगदी शेवटी खालची आळी. झाला देश. तेवढ्यातही माणसांनी जो काय घोळ घालायचा तो घातलाच.

या देशावर आधी परक्यांचं राज्य होतं. परके बंगल्यात राहत आणि तलावाचं पाणी बागेतल्या कारंज्यांना सोडत. खालच्या आळीतल्या बायका मात्र लांबच्या डबक्यावरून हंडे भरून आणत. कुणी त्याबद्दल विचारलंच, तर त्याची रवानगी गावच्या कोठडीत होई. पुढे लोक पेटून उठले, लाठ्या खाल्ल्या, कोठडी अपुरी पडू लागली, आणि एके दिवशी परक्यांनी गाशा गुंडाळला. त्या दिवशी चौकातल्या कट्ट्यावर एक तरुण पुढारी उभा राहिला. नुकताच कोठडीतून सुटला होता, दाढी वाढलेली, सदरा फाटलेला. त्याने लोकांना तीन वचनं दिली. "खालच्या आळीत तलावाचं पाणी येईल. प्रत्येक लेकराला शाळा मिळेल. आणि आजपासून या देशातला कुणीही माणूस माझ्यासमोर उभा राहून मला हवा तो प्रश्न विचारू शकेल!" लोक रडले. खरंच रडले हो, त्यात विनोद काही नाही.

हाच पुढारी पुढे नायकसाहेब झाला. राहायला बंगल्यात गेला, अर्थातच तात्पुरता. कारण राज्यकारभार करायचा म्हणजे कुठेतरी बसावं लागतं.

पहिल्याच वर्षी खालच्या आळीने आपल्या हातांनी कालवा खणला. बायका-माणसं, म्हातारेकोतारे, सगळे खपले. कालवा थेट आळीपर्यंत आला. तलावाच्या तोंडाशी एक लोखंडी दार बसवलं आणि त्याला कुलूप घातलं. किल्ली गेली नायकसाहेबांच्या कारभाऱ्याच्या कमरेला. दार उघडायचं तर थाटामाटात उघडलं पाहिजे, म्हणून मुक्तिदिनाचा मुहूर्त धरला. त्या दिवशी दाराची पूजा झाली, नारळ फुटला, फीत कापली, भाषण झालं. मग कारभारी हळूच म्हणाला, "साहेब, आज परदेशचे पाहुणे आहेत. पाणी खाली सोडलं तर कारंजी बंद पडतील. शोभेल का ते?" नायकसाहेबांनाही वाटलं, आज नको, पुढच्या मुक्तिदिनी बघू.

पुढच्या मुक्तिदिनी पुन्हा पूजा, पुन्हा फीत. त्याच्या पुढच्याही. वर्षामागून वर्षं दाराचा सोहळा होत राहिला आणि दार तेवढं बंद राहिलं. त्याला इतक्या वेळा हळदकुंकू लागलं की ते देवळातलं वाटू लागलं. शेवटी शेवटी तर बायका येता-जाता त्याला नमस्कार करू लागल्या. एकीने नवससुद्धा बोलला म्हणतात.

नायकसाहेब दुष्ट होते असं समजू नका. दुष्ट माणसाची गोष्ट सांगायला सोपी असते, ही तशी नाही. त्यांना खरोखर वाटे की पाणी निघालंय, आता पोचेलच. दर वर्षी अहवालात कारभारी लिहून देई, "पाणी मार्गस्थ आहे," आणि ते खणखणीत आवाजात वाचून दाखवत. खालची आळी कोरड्या घशाने टाळ्या वाजवी. आपण वाजवतो ना, तशाच. हात थांबवले तर शेजारचा आपल्याकडे बघतो, म्हणून वाजवायच्या.

तर गेल्या मुक्तिदिनी असं झालं, की टाळ्या संपल्यावर खालच्या आळीतला सटवाजी कुंभार उभा राहिला. पाणी नसलेल्या आळीत पाण्याची मडकी घडवणारा माणूस. माती भिजवायलाही डबक्यावर जावं लागे बिचाऱ्याला. त्याने मुंडासं काढून काखेत धरलं आणि साध्या आवाजात विचारलं, "साहेब, पाणी कधी येणार?"

बास, एवढंच. ना घोषणा, ना शिवी. नायकसाहेबांनी कारभाऱ्याकडे पाहिलं. कारभाऱ्याने क्षणाचाही विलंब न लावता जाहीर केलं, "हा मुक्तिदिनाचा अवमान आहे!" आणि मुक्तिदिनाच्या दिवशीच सटवाजी कोठडीत गेला. त्याच कोठडीत, परक्यांच्या. रंग तेवढा नवा दिला होता.

आता एका शिष्याकडे येऊ. सटवाजीच्या बहिणीचा मुलगा निळकंठ गावाबाहेर एका वृद्ध आचार्यांच्या आश्रमात शिकत होता. शब्दांवर त्याची हुकमत मोठी, अक्षर मोत्यासारखं. पुढचा मुक्तिदिन आठवड्यावर आला, तेव्हा कारभाऱ्याने त्याला बोलावून घेतलं आणि कमरेच्या किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत सांगितलं, "साहेबांसाठी गौरवपत्र लिही. असं लिही की साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. सभेत वाच. साहेब खूश झाले की दया म्हणून तुझ्या मामाला सोडतील. नाही झाले, तर मामा आहे तिथे आहे. शेजारची खोलीही रिकामीच आहे हो."

निळकंठ दोन दिवस खपला आणि गौरवपत्र घेऊन आचार्यांसमोर उभा राहिला. आचार्य ओसरीवर बसून पावटे सोलत होते.

"वाच," ते म्हणाले.

"हे पर्जन्यसदृश, हे जलदायिन्, हे तृषार्तांच्या तृषेचे हरण करणाऱ्या..."

"थांब थांब. कुणाची तृषा हरण केली म्हणतोस?"

निळकंठ खाली बघत म्हणाला, "बागेतल्या झाडांची."

"मग तसं लिही की. झाडांची तक्रार नसते." आचार्यांनी आणखी एक शेंग फोडली. "आणि मामा काय म्हणतो?"

"काल भेटलो, गजातून. सगळं सांगितलं. तर मामा म्हणाला, 'लेका, असली आरती ओवाळून मला सोडवणार असशील तर राहू दे. इथं निदान रोज एक तांब्या पाणी तरी मिळतं.'"

आचार्य मोठ्याने हसले. मग त्यांचं हसू मावळलं आणि हातातली शेंग त्यांनी न सोलताच बाजूला ठेवली.

निळकंठाला रडू कोसळलं. "गुरुजी, तुम्हीच आम्हाला शिकवलंत, सत्य बोला. ऐकायला छान वाटतं ते. पण मी सभेत सत्य बोललो तर मामा तिथेच कुजेल, वर मीही आत जाईन. खोटं बोललो तर मामा सुटेल, पण माझं तोंड त्याला दाखवू कसा? तुम्हीच सांगा काय करू. आणि कृपा करून श्लोक म्हणून दाखवू नका."

"श्लोक नाही म्हणत," आचार्य म्हणाले. "आपण नायकाला जेवायला बोलवू. मुक्तिदिनाच्या आदल्या दिवशी. तू फक्त चटणी वाढायची. भरपूर वाढायची."

निळकंठाने कपाळावर हात मारून घेतला. म्हाताऱ्याला भ्रम झाला, असं त्याला वाटलं. मलाही वाटलं असतं.

नायकसाहेबांनी आमंत्रण आनंदाने स्वीकारलं, त्याला कारणं होती. एक तर ते आणि आचार्य परक्यांच्या कोठडीत एकाच चटईवर झोपलेले मित्र. दुसरं कारण अधिक सबळ होतं. आश्रमाची पाकशाळा सांभाळणाऱ्या गोदाक्कांच्या हाताला जी चव होती, ती बंगल्यातल्या सगळ्या आचाऱ्यांना मिळून नव्हती. पुरणपोळी, कटाची आमटी आणि लसणाची झणझणीत चटणी हे त्यांचे हुकमाचे पदार्थ. ही चटणी खाऊन एकदा एका पहिलवानाने आईला हाक मारली होती.

पण बेत कळल्यावर गोदाक्का अशा काही भडकल्या की चुलीतल्या लाकडांनी लाजावं. "पाहुण्याला पानावर बसवून ताटकळत ठेवायचं? माझ्या पुरणपोळ्या गार करायच्या? आचार्य, तुमची अक्कल गेली वाटतं गहाण! माझ्या हातून हे पाप व्हायचं नाही."

"अक्का, अन्न सगळं वाढायचंच आहे. जरा उशिरा."

"जरा म्हणजे केवढं?"

"त्याने विचारेपर्यंत."

गोदाक्का काहीतरी पुटपुटल्या. पण खालच्या आळीतून हंडे वाहणाऱ्या बायका रोज आश्रमावरून जात, आणि त्यांतल्या कितीतरी जणींची कंबर याच अक्कांनी तेल लावून चोळली होती. त्यांनी पदर खोचला आणि पुरण वाटायला घेतलं. पाटा जरा जास्तच जोरात वाजत होता.

ठरल्या दिवशी भर दुपारी नायकसाहेब आले, पाठोपाठ जुडगा खुळखुळवत कारभारी. ऊन असं होतं की सावलीलाही घाम फुटावा. आत अंगणात मांडवाखाली पंगत मांडलेली. पाट, पाटाभोवती रांगोळ्या, उदबत्त्यांचा दरवळ, केळीची हिरवीगार पानं, प्रत्येकाच्या उजव्या हाताला झाकलेलं तांब्या-भांडं. पाकघरातून पुरणाचा आणि तुपाचा असा वास येत होता की कारभाऱ्याने पाटावर बसायच्या आधीच उपरणं सैल केलं. शिष्यही ओळीने बसले.

मराठी पंगतीची रीत आपल्याला ठाऊकच आहे. आधी मीठ, मग लिंबू, मग डावीकडची चटणी आणि लोणचं. सगळ्यांची पानं भरून यजमान विनंती करीपर्यंत कुणी घास उचलायचा नाही, मागायचं नाही, आणि उठायचं तर मुळीच नाही. पण एवढ्या वेळात हळूच बोटाने चटणी चाटणं हा पंगतीचा अलिखित हक्क आहे. तो आपण सगळेच बजावतो, उगीच साळसूदपणा नको. आचार्यांना हेही आठवत होतं की कोठडीत भाकरी यायच्या आधीच हा नायक झालेला गडी चटणी चाटून पुसून ठेवायचा.

निळकंठाने मीठ वाढलं, लिंबाची फोड वाढली, चटणी-लोणचं वाढलं. मग सगळे वाढपी ओळीने उभे राहिले आणि आचार्य बोलायला उठले.

"आदरणीय नायकसाहेब! आजच्या या मंगल भोजनप्रसंगी प्रथम ज्या थोर पूर्वजांनी या आश्रमात पहिली चूल पेटवली, त्यांचं स्मरण करू. काय तो त्याग! धूर डोळ्यांत जात होता, पण ते मागे हटले नाहीत."

शिष्यांनी टाळ्या वाजवल्या. नायकसाहेबांनीही सवयीने वाजवल्या आणि लगोलग चटणीला बोट लावलं. बोट तोंडात गेलं. डोळे मिटले, तृप्तीने मान डोलली. निळकंठाने पुढे होऊन आणखी चटणी वाढली.

यानंतर एका शिष्याने पाकशाळेचा अहवाल वाचला. यंदा डाळ शिजण्याच्या दिशेने ठोस पावलं टाकण्यात आली होती. भात मार्गस्थ होता. पुरणाबाबत समिती नेमली होती. टाळ्या झाल्या. मग एका शिष्याने लाडवाच्या गौरवाचं गीत म्हटलं, पाचव्या कडव्यापर्यंत लाडू काही येईना. पुन्हा टाळ्या. मग आश्रमाच्या सर्वांत जुन्या पळीचा सत्कार झाला. तिला शाल पांघरली, नारळ दिला. पळी दोन शब्द बोलली नाही एवढंच.

नायकसाहेबांचं बोट मधूनमधून चटणीकडे जातच होतं. भुकेला माणूस दुसरं करणार काय? निळकंठ कमी झाली की वाढत होता. साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, मग नाकाचा शेंडा, मग कपाळावर घामाचे थेंब. कारभाऱ्याच्या पोटात कावळे कोकलत होते, त्याने मघाशीच सगळं लोणचं संपवून वर लिंबूही चोखलं होतं. वाढपी झाकलेली पातेली घेऊन ओळीतून फिरत होते. "पुरणपोळी येतेय हं, सावकाश होऊ द्या!" असा आग्रह करत ते पुढे निघून जात. एक जण तर कारभाऱ्याला म्हणाला, "संकोच करू नका, आणखी घ्या." कारभाऱ्याने रिकाम्या पानाकडे पाहिलं आणि घ्यायचं काय ते त्याला समजेना.

आणि आचार्य पुन्हा बोलायला उभे राहिले! "आता मी आपल्याला वाटीचा इतिहास सांगतो."

नायकसाहेबांनी घाईघाईने तांब्यावरचं भांडं उचललं, तांब्या कलता केला. एक थेंब पडेना. तांब्याला बाहेरून रांगोळीची छान नक्षी काढून ठेवली होती आणि आत बघितलं तर तो कोरडा ठणठणीत. शेजारचा तांब्या बघितला, तोही तसाच. जीभ नुसती जळत होती. पंगतीची रीत, यजमानाचा मान, नायकपदाची अब्रू, सगळं त्यांनी पळभर धरून पाहिलं. मग राहवेना तेव्हा ते ओरडलेच,

"अहो आचार्य, पाणी कधी येणार?"

आचार्य वाटीच्या इतिहासातच थांबले. त्यांनी निळकंठाकडे पाहिलं.

आत्ता निळकंठाला कळलं आपल्याला इथे कशाला उभं केलंय ते. हातात चटणीचं भांडं, सगळी विद्या, सगळे जलदायिन् आणि तृषार्त कुठल्या कुठे पळून गेलेले. त्याने भांडं खाली ठेवलं.

"साहेब," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज चिरकला. "माझ्या मामाने हेच विचारलं होतं. शब्दही हेच होते. सटवाजी कुंभार. गेल्या मुक्तिदिनापासून तो कोठडीत आहे."

कारभारी ताडकन उठला. "अवमान! हा आमंत्रित पाहुण्यांचा..."

"बसा कारभारी," आचार्य शांतपणे म्हणाले. "अवमान कुणी केला ते ठरवायचंच असेल, तर आमच्या भोजनाचा अवमान आत्ता आपल्या साहेबांनी केला. आपल्या नियमाने आता त्यांना कोठडीत टाकायला हवं. किल्ली आहे ना कमरेला?"

कारभारी एकदा साहेबांकडे, एकदा जुडग्याकडे बघत राहिला. शिष्यांतल्या एकाला हसू फुटलं, शेजाऱ्याने त्याला चिमटा काढला. नायकसाहेबांचा चेहरा आधीच लाल होता, तो आणखी लाल झाला. आता हा माणूस काय करतो, आश्रम पाडतो की काय, म्हणून निळकंठाने डोळेच मिटून घेतले.

"माझी थट्टा मांडलीस?" साहेब आचार्यांना म्हणाले. कोठडीतल्या दिवसांनंतर पहिल्यांदाच त्यांनी त्यांना एकेरी हाक मारली होती.

"थट्टा नाही रे मार्तंडा." आचार्य त्यांच्या पाटाशेजारी जमिनीवर बसले. "अन्न आत तयार आहे. पाण्याचे माठ भरलेले आहेत. कशाची म्हणून कमी नाही. तुझ्या पानात काही पडलं नाही, कारण आम्ही वाढायचं सोडून वाढण्याचा सोहळा करत बसलो. आणि तू तरी काय केलंस? भूक लागली तरी टाळ्या वाजवल्यास. यजमानाचा मान राखायचा म्हणून. खालची आळी तुझा तसाच मान राखते आहे, कालवा खणला त्या वर्षापासून. सटवाजीने तुझा अपमान केला नाही. त्याला तहान लागली होती. तुला आत्ता लागली तशी."

साहेबांनी हातातला रिकामा तांब्या सरळ करून खाली ठेवला.

"एक आठवण करून देऊ? परक्यांनी तुला पहिल्यांदा आत टाकलं, ते तू काय केलंस म्हणून?"

नायकसाहेबांनी ओठांवरून जीभ फिरवली. ती कोरडीच होती. "त्यांच्या साहेबासमोर उभा राहिलो होतो," ते हळू म्हणाले. "आणि विचारलं होतं..." पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. गरजही नव्हती, मांडवातल्या प्रत्येकाला ते पुरं करता आलं असतं.

आता आचार्यांनी मान वळवून हाक मारली, "अक्का, पाणी आणा." गोदाक्का दाराआड माठ घेऊन उभ्याच होत्या, किती वेळ कुणास ठाऊक. त्यांनी भांडं भरून साहेबांच्या पुढे धरलं. साहेबांनी ते हातात घेतलं, ओठांपर्यंत नेलं, आणि थांबले.

"कारभारी," ते म्हणाले, "त्या सटवाजीला घेऊन या. आत्ता. तोवर कुणाला काही वाढू नका. मलाही."

गोदाक्कांच्या पोळ्या पुन्हा खोळंबल्या, पण या खेपेस त्यांनी चकार शब्द काढला नाही. भर उन्हात कारभारी धावत गेला. त्याला धावताना या देशाने पहिल्यांदाच पाहिलं. नायकसाहेब भरलेलं भांडं समोर ठेवून बसून राहिले. जीभ जळत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. चटणीचं असेल. मी तरी तसंच म्हणतो.

सटवाजी आला. दाढी वाढलेली, सदरा फाटलेला. साहेब त्याच्याकडे बघतच राहिले. मग सरकून त्यांनी आपल्या शेजारी पाट ओढला, त्याला बसवलं, आणि स्वतःपुढचं भांडं त्याच्या हातात दिलं. सटवाजीने आधी माठाकडे पाहिलं, माठ त्याच्याच हातचा होता. मग तो घटाघटा प्यायला. निळकंठ खांबाला टेकून उभा होता, त्याला मामाच्या गळ्याची हालचाल तेवढी दिसत होती. बाकी सगळं त्याला धूसर झालं होतं.

"आता तरी समाधान झालं ना?" साहेबांनी मायेने विचारलं. खरंच मायेने. त्यांना वाटलं, झालं, गोष्ट संपली. इथे टाळ्याही होऊ शकल्या असत्या, दोघा शिष्यांनी हात उचललेही होते.

सटवाजीने मिशा पुसल्या. भांडं खाली ठेवलं. "माझं झालं, साहेब," तो म्हणाला. "पण आळीत पाणी कधी येणार?"

सवयीने कारभाऱ्याचा हात कमरेकडे गेला आणि जुडग्यातली कोठडीची किल्ली त्याने बरोबर चिमटीत धरली.

"ती नको," नायकसाहेब म्हणाले. "दाराची काढ."

पुरणपोळ्या त्या दिवशी अखेर दिवे लागल्यावर वाढल्या गेल्या, कारण आधी सगळे तलावावर गेले होते. कुलूप इतकं गंजलेलं की किल्ली फिरेना, शेवटी सटवाजीने दगडाने फोडलं. हळदकुंकवाचे थर खरवडल्याशिवाय दार हलेना. एक म्हातारी तर "देवाला हात लावू नका रे" म्हणून आडवी आली. तिची समजूत काढली. दार उघडलं. पालापाचोळा, चिखल, बेडूक आणि एक जुनी चप्पल घेऊन पाणी खाली निघालं, आणि आळीतली माणसं वेड्यासारखी त्याच्याबरोबर धावत सुटली. वर बंगल्यातली कारंजी खोकली आणि बंद पडली. कारभाऱ्याला तेवढं फार लागलं.

वाटेत निळकंठाने आचार्यांना विचारलं, "गुरुजी, उद्या सभेत त्या गौरवपत्राचं काय करू?"

"तुझं गौरवपत्र, तू ठरव," ते म्हणाले. "फक्त वाचण्याआधी स्वतःला तहान लागलीय का ते बघ."

दुसऱ्या दिवशी मुक्तिदिन होता. निळकंठ कट्ट्यावर चढला. सगळं गाव जमलेलं, पहिल्या रांगेत खालची आळी, तिचे पाय अजून चिखलाचे. निळकंठाने कागद उघडला. त्यात एकच ओळ होती, ती त्याने स्पष्ट वाचली, आवाज न चिरकता.

"साहेब, पाणी आलं. शाळा कधी येणार?"

टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत. सगळे उत्तर ऐकायला थांबले होते. नायकसाहेब उत्तर द्यायला उभे राहिले, आणि तोंड उघडण्याआधी त्यांनी समोरच्या चटणीच्या वाटीत बोट बुडवून जिभेला लावलं. हो, वाटी त्यांनी स्वतःच मागवून ठेवली होती.

आपल्याकडचे सोहळे पाहून परतताना मला ही गोष्ट नेहमी आठवते, आणि टाळीसाठी उचललेले हात मी जरा वेळ तसेच धरून ठेवतो.